नळीसकट घरी न्या, पण जांबोटीपलीकडं नको

पत्र

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम करतो. उंच आणि अंगानं काटकुळा. रात्रपाळी करून आला, चहा घेताघेता छातीत उजव्या बाजूला कळ आली आणि दम लागायला लागला. गॅस झाला असेल म्हणून दोन दिवस गोळ्यांवर काढले. शेवटी एक्स-रे काढला तर उजवं फुप्फुस खाली बसलेलं. बेळगावात अॅडमिट करून छातीत नळी घातली. आज पाचवा दिवस. फुप्फुस बरंचसं उघडलंय, पण खोकला की बाटलीत अजून बुडबुडे येतात.

आता डॉक्टर म्हणायलेत, बाटली काढून नळीला छोटा व्हॉल्व्ह लावतो, घरी न्या, एक दिवसाआड दाखवायला आणा. भावाला घरी जायची घाई आहे. आत्या म्हणते, छातीत भोक असलेलं पोर दवाखान्याबाहेर काढायचं नाही. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, रानात. आईवडील शेतात, सध्या रोप लावणी चालू आहे. मामा बेळगावातच, वडगावात राहतात. गोव्याच्या चुलतभावानं एक व्हिडिओ पाठवलाय, त्यात छातीला चिकटवायचं एक छोटं यंत्र दाखवलंय. ते ऑनलाइन मागवून घ्यावं का? आणि दुसरं, त्याच्यासाठी स्थळं बघायलो होतो, ते आता थांबवायचं का? नाव छापू नये.

– एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून. व्हॉल्व्ह लावून दवाखान्यातून सोडायला माझी हरकत नाही. पण नळी निघेपर्यंत त्याला गावी नेऊ नका. मामांच्या घरी वडगावात ठेवा. तुमच्या घरात वाद चाललाय तो यंत्र चांगलं की वाईट यावर. यंत्र चांगलंच आहे. बिघडलं तर किती मिनिटांत डॉक्टरसमोर पोचता, सगळं त्यावर आहे. वडगावातून रिक्षानं रात्री दोन वाजतासुद्धा पोचाल. जांबोटीच्या पुढच्या रानातून, पावसात, मोबाइलला रेंज नसताना कसं पोचणार, ते तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता झालंय काय ते. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं, छातीच्या पिंजऱ्याला आतून दुसरं. दोन्हींच्या मध्ये हवा नसते, म्हणूनच फुप्फुस छातीला चिकटल्यासारखं ताणलेलं राहतं. उंच, सडपातळ तरुण मुलांत पुष्कळदा फुप्फुसाच्या शेंड्याला बारीक फोड असतात. त्यातला एखादा फुटतो, हवा त्या फटीत शिरते आणि फुप्फुस आकसून बसतं. ओझं उचललं म्हणून फुटतो असं नाही. बहुतेकांना हे बसल्या जागीच होतं, तुमच्या भावाला चहा घेताना झालं तसं. गॅस समजून दोन दिवस गेले याबद्दल स्वतःला बोल लावू नका. पोटाची काही तक्रार नसताना छातीत एका बाजूची कळ आणि दम एकदम आला तर एक्स-रे काढायचा, एवढं मात्र बाकीच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.

नळी ती साचलेली हवा बाहेर काढते. बाटलीत पाणी असतं ते एवढ्याचसाठी, की हवा बुडबुड्यांनी बाहेर जावी, पण परत आत ओढली जाऊ नये. पद्धत जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातली, आणि अजून उत्तम चालते. अडचण एकच. माणूस बाटलीला बांधला जातो. बाटली छातीच्या खालीच ठेवायची, कलंडू द्यायची नाही, संडासला जाताना हातात धरायची. त्यामुळं धडधाकट तरुण पोर आठवडाभर कॉटवर पडून राहतं आणि बिल वाढत जातं.

हेन्री हाइमलिच या अमेरिकी सर्जननं १९६०च्या दशकात यावर तोड काढली. घशात घास अडकला की पोटावर दाब द्यायची युक्ती ज्याच्या नावानं ओळखली जाते, तोच हा. त्याचा व्हॉल्व्ह व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांना लावून लांबवर नेत. प्रकार अगदी साधा आहे. बोटभर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, तिच्यात रबराची चपटी नळी, तिचं टोक मिटलेल्या ओठांसारखं. आतून हवा आली की ओठ उघडतात, हवा बाहेर पडते. आतला दाब कमी झाला की ओठ मिटतात. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह तुमच्या वडिलांनी शंभरदा काढून साफ केला असेल, त्यातलंच हे तत्त्व. ना वीज लागते, ना पाणी. वर शर्ट घातला तर कुणाला दिसतही नाही.

चुलतभावानं व्हिडिओत दाखवलेलं बहुधा याच्या पुढचं आहे. त्यात बारीक नळी आणि व्हॉल्व्ह एकाच डबीत असतात, डबी छातीला चिकटते. तिसरा प्रकार बॅटरीवर चालणारा छोटा पंप. तो स्वतः ओढतो आणि मिनिटाला किती हवा गळते ते पडद्यावर आकड्यात दाखवतो. चिकटवायची डबी सुईच्या आधारानं छातीत बसवावी लागते, आणि बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी असते, ती चुकवून. हे डॉक्टरचं काम. ऑनलाइन मागवून घरी ठेवायची ही वस्तू नाही. मागवूच नका. तुमच्या भावाच्या छातीत नळी आधीच आहे, त्याला साधा व्हॉल्व्ह पुरतो.

आत्याबाईंना मात्र मी उडवून लावणार नाही, त्यांच्या भीतीला आधार आहे. ब्रिटनमध्ये २४ रुग्णालयांनी मिळून २३६ रुग्णांवर एक चाचणी केली. ती २०२० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. अर्ध्यांना छातीला चिकटवायची डबी लावून जमेल तसं घरी पाठवलं, अर्ध्यांवर नेहमीचे उपचार केले. पहिल्या महिन्याभरात नेहमीच्या उपचारांत साधारण चार दिवस रुग्णालयात गेले. डबीवाल्यांतल्या निदान निम्म्या जणांना एक रात्रही काढावी लागली नाही. पण त्रास कुणाला जास्त झाला? डबीवाल्यांना. शंभरात ५५ जणांना काही ना काही तक्रार झाली, नेहमीच्या उपचारांत ३९ जणांना. गंभीर म्हणाव्यात अशा १४ घटना घडल्या आणि त्या सगळ्या डबीवाल्यांतच. काहींची हवा परत वाढली, काहींचं यंत्र गळायला लागलं किंवा निसटलं. घरी जाणं फुकट मिळत नाही ते असं. रुग्णालय हाताशी असेल तर ही किंमत परवडते, कारण बिघडलं की माणूस लगेच परत तिथं पोचतो. हीच सोय वडगावात आहे आणि तुमच्या गावी नाही, म्हणून मी वडगाव म्हणतो.

आता ज्याच्यावर खरोखर जीव अवलंबून आहे ते सांगतो. व्हॉल्व्हला दोन टोकं असतात आणि त्यावर बाण असतो. बाणाचं तोंड छातीपासून बाहेरच्या दिशेला पाहिजे. उलटा जोडला तर हवा बाहेर जायची वाट बंद होते. मग दर श्वासाला आत हवा साठत जाते, हृदय एका बाजूला ढकललं जातं आणि काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टरला तो बाण दाखवायला सांगा. एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. भाऊ लेथवर काम करतो म्हणता, त्याला बाण समजवायला जड जाणार नाही, पण रात्री झोपेत नळी निसटली तर जोडणारे मामा-मामी असतील. त्यांनाही दाखवा.

दुसरं, व्हॉल्व्हचं बाहेरचं तोंड कधीही बंद करायचं नाही. हे मी मुद्दाम लांबवून लिहितो, कारण घरची माणसं हे मायेपोटी करतात. त्या तोंडातून थोडं पाणी, लालसर थेंब गळतात, शर्ट खराब होतो, घाण वाटते. मग कुणीतरी कॅरीबॅग लावून वर रबर घट्ट बांधतं, कुणी कापूस कोंबून चिकटपट्टी मारतं. झालं, बाहेर जाणाऱ्या हवेचा रस्ता बंद. गळतंय म्हणून काही लावायचंच असेल तर दवाखान्यातूनच हवेला भोक असलेली पिशवी मागून घ्या, नाहीतर खाली सैल गॉज धरा. आंघोळ नको, अंग पुसून घ्यायचं. व्हॉल्व्ह पाण्यात बुडवायचा नाही, नळाखाली धुवायचाही नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. खोकल्यावर व्हॉल्व्ह फडफडतो. पहिल्या रात्री मामी त्याला घाबरतील. घाबरायचं कारण नाही, हवा बाहेर चाललीय. एक दिवस फडफड थांबेल. भाऊ आरामात बसलाय, बोलतोय, जेवतोय आणि फडफड थांबलीय, तर गळती भरत आली असं समजायचं. फडफड थांबलीय आणि त्याचा दम वाढलाय, तर आत काहीतरी अडकलंय किंवा नळी कुठंतरी मुडपलीय. अशा वेळी कुशीवर झोपलेल्याला सरळ बसवा, नळी छातीपासून व्हॉल्व्हपर्यंत बोटांनी चाचपत तपासा, पीळ पडला असेल तर काढा. दोन मिनिटांत फरक पडला नाही तर निघा. फोन करून विचारत बसू नका, वाटेत विचारा.

निघायची बाकीची लक्षणं अशी. बोलताना वाक्य पुरं होत नाही. ओठ निळसर पडलेत. दरदरून घाम आणि नाडी धावतेय. मान किंवा छाती सुजलीय आणि कातडीवर बोट दाबलं की आत चुरचुरतंय. ताप आणि नळीभोवती पू. कोविडमधला ऑक्सिमीटर घरात असेल तर बोटाला लावा, आकडा ९२च्या खाली टिकून राहिला तर निघाच. मात्र आकडा ९६ दिसतोय म्हणून दम लागलेल्या माणसाला घरी बसवून ठेवू नका. तरुणांचा आकडा बऱ्याच उशिरापर्यंत चांगला राहतो.

व्हॉल्व्ह नळीपासून सुटला तर घाबरून नळी बोटांनी दाबून धरत बसू नका. टोकं पुसून, बाण बघून लगेच परत जोडा. अख्खी नळीच छातीतून निघाली तर भोकावर स्वच्छ गॉजची घडी ठेवा, तीन बाजूंना चिकटपट्टी लावा, चौथी मोकळी सोडा, आणि थेट रुग्णालय गाठा. नळी परत आत ढकलायची नाही, चुकूनसुद्धा नाही.

१०८ला फोन लागला तर पलीकडे बहुतेक वेळा कन्नड असतं, आणि घाईत आपलं कन्नड पळून जातं. मामींनी एक ओळ कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावी: 'एदेगे ट्यूब हाकिद्दारे, उसिराट कष्ट आगतिदे.' छातीत नळी घातलीय, श्वासाला त्रास होतोय. खाली वडगावातला पत्ता, जवळची खूण. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असेल तर तेही तिथंच पिशवीत टांगून ठेवा. नळी असेपर्यंत त्याला मोटारसायकलवर मागं बसवून आणायचं नाही. आमच्याकडं हे सर्रास होतं. खड्ड्यातला एक हिसका पुरतो.

घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. त्याची गरज नाही. आणि झोपेत घोरण्यासाठी तोंडाला लावतात तसलं हवा दाबून देणारं मशीन तर अजिबात नको, ते फुप्फुसात हवा ढकलतं आणि गळती वाढू शकते. 'फुगे फुगव, फुप्फुस उघडेल' हाही एक लाडका उपाय आहे. तो नको. दवाखान्यात श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं खेळणं दिलं असेल तर श्वास सावकाश आत ओढून गोळ्या उचलायच्या, फुंकायचं नाही.

इथं चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांसाठी एक तंबी. वरचं सगळं तरुण, बाकी निरोगी माणसासाठी आहे. घरात साठीचे आजोबा असतील, पूर्वी टीबी होऊन गेलेला असेल किंवा तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या धुरात आयुष्य गेल्यामुळं दमा जुना झाला असेल, आणि त्यांचं फुप्फुस बसलं, तर व्हॉल्व्हवर घरी पाठवायचा हट्ट धरू नका. त्यांच्या उरलेल्या फुप्फुसात राखीव दम नसतो, थोडी हवा वाढली तरी ते कोसळतात. अशा रुग्णांवर ही घरगुती पद्धत करून पाहिली, तिथं दिवस वाचल्याचा फायदा हाती लागला नाही. त्यांना रुग्णालयातच ठेवा. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडत असेल तर कोल्हापूर, बेळगाव पडत असेल तर बेळगाव.

आणि उलट बाजूही आहे. काहींना नळीही लागत नाही. फारसा दम नसेल, माणूस चालता-बोलता असेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी फटीतली हवा शरीर हळूहळू शोषून घेतं, दिवसाला साधारण एक-दोन टक्के. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ३१६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तीही २०२० मधलीच, फुप्फुस बऱ्यापैकी बसलेलं असूनही ज्यांना नळी न घालता नुसतं लक्षाखाली ठेवलं, त्यांतल्या शंभरातल्या ८५ जणांना पुढंही नळी लागली नाही. तुमच्या भावाला दम लागत होता, म्हणून नळी घातली ते योग्यच झालं. पण पुढच्या वेळी कुणी 'थांबून बघू' म्हणालं तर तो डॉक्टर आळशी आहे असं समजू नका.

'पुढच्या वेळी' म्हटलं, कारण पुढची वेळ येते. पहिल्यांदा असं झालेल्या साधारण तीनपैकी एकाला ते पुन्हा होतं, बहुतेक वेळा पहिल्याच वर्षात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त. तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून विचारतो: रात्रपाळीच्या पोरांबरोबर तो ओढतो का? बहिणीला खरं सांगणार नाही कदाचित. डॉक्टरांनी एकट्याला बसवून विचारावं. सोडली तर परत होण्याची शक्यता चांगलीच कमी होते, इतका साधा आणि फुकटचा उपाय दुसरा नाही.

विमानाचं म्हणाल तर फुप्फुस पुरतं उघडल्याचा एक्स-रे आल्यावर किमान आठवडाभर थांबायचं, मग सांबऱ्याहून खुशाल उडावं. चोर्ल्याच्या घाटातून बसनं जायला नळी निघून एक्स-रे चांगला आल्यावर हरकत नाही. पण रविवारी पोरं गोव्याला नाहीतर मालवणला जाऊन स्कुबा करतात, ते त्याला आता कायमचं बंद. पाण्याखाली फुप्फुस बसलं तर वर येताना फटीतली हवा फुगत जाते आणि जिवावर बेतू शकतं. लेथवर परत जायला हरकत नाही, फक्त जड जॉब उचलणं काही आठवडे टाळावं. आणि लावणीच्या शेतात यंदा त्याला उतरवू नका, वडील कितीही म्हणाले तरी.

उद्या राउंडला डॉक्टर आले की त्यांना हे विचारा. बुडबुडे फक्त खोकल्यावर येतात की साध्या श्वासालाही? फक्त खोकल्यावर असतील तर व्हॉल्व्हचा सल्ला बरोबर आहे. साध्या श्वासालाही सारखे येत असतील तर गळती मोठी आहे, मग घरी जाऊ नका, सर्जनचं मत घ्या. दुर्बिणीतून फोड काढून फुप्फुस चिकटवायची शस्त्रक्रिया होते, ती बेळगावात होते, आणि तिच्यानंतर हे परत होण्याचं प्रमाण फार कमी. बुडबुडे पूर्ण थांबलेत असं निघालं तर आणखी चांगलं, मग व्हॉल्व्ह कशाला, एक-दोन दिवसांत नळीच काढतील. बिल सरकारी योजनेतून चाललं असेल तर सुटी झाल्यावरच्या एक दिवसाआडच्या भेटी आणि एक्स-रे त्यात बसतात का, हे सुटीआधी काउंटरवर विचारा. सुटीनंतर विचारलं की उत्तर नेहमी 'नाही' असतं.

लग्नाचं: स्थळं बघणं थांबवायचं काही कारण नाही. हा संसर्ग नाही, टीबी नाही, आणि त्याच्या कमाईला किंवा आयुष्याला यानं बाधा येत नाही. मुलीकडच्यांना सांगावं. छातीवर नळीची खूण राहणार आहे, आणि लग्नानंतर ती दिसल्यावर सांगण्यापेक्षा आधी एक्स-रे दाखवून सांगितलेलं परवडतं. फक्त बैठक नळी निघाल्यावर ठेवा, तुमच्याकडच्या बैठकीत चहाबरोबर विड्यांचं बंडल फिरतं ते मला माहीत आहे.